बैठकीचे चित्रण आणि मोजका सरंजाम

मिरजेतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरलेल्या खासगी बैठकीत, बड्या ख्यालाची बढत सावकाश चढत जाऊन गायक निषादावर रेंगाळत असता, आणि आता तार षड्ज लागणार या अपेक्षेने अवघी सभा स्तब्ध झाली असता, माझ्या कॅमेऱ्याने आपले चित्रण आपणहून थांबविले. तो षड्ज लागला, सभेने त्याला दाद दिली. माझ्या चित्रणात मात्र तो नाही. पुढे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला की, सलग ३० मिनिटे किंवा अधिक चित्रण करू शकणाऱ्या यंत्रावर युरोपात व्हिडिओ कॅमेरा म्हणून जादा जकात बसत असे, आणि ती टाळण्यासाठी स्थिरचित्रांच्या पुष्कळ कॅमेऱ्यांना २९ मिनिटे ५९ सेकंदांची मर्यादा घालून दिलेली असे.

साधनाने गाण्याला मर्यादा घालावी, हा प्रकार नवा नाही. १९३७ साली निवर्तलेले, मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँसाहेब आज आपण ऐकतो, ते मुख्यत्वे तबकडीच्या एका बाजूवर मावणाऱ्या सुमारे ३ मिनिटांच्या अवकाशात. त्या पिढीला दुसरा इलाज नव्हता, आपल्याला आहे. म्हणून बैठकीच्या चित्रणाचा सरंजाम जमविताना किंमत, नाव आणि चित्राची सूक्ष्मता यांच्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: हे साधन गाण्याच्या आड कोठे येईल?

या कसोटीला एक कॅमेरा पुरतो. तो सलग चालणारा असावा, बॅटरीऐवजी भिंतीतील विजेवर चालावा, आणि गायकाचा हात व तबलावादकाचा चेहरा एकाच चौकटीत येतील अशा जागी, श्रोत्यांच्या आड न येणाऱ्या उंचीवर, ट्रायपॉडवर एकदाच मुक्रर करावा. कारण समेच्या क्षणी त्या दोघांची जी नजरानजर होते ती फार क्षणिक असते, आणि चित्र जवळ-दूर करण्यात गुंतलेल्या हातून ती निसटते. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने ट्यूबलाइट व कित्येक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० सेकंदाचा शटर ठेवला म्हणजे चित्रात पट्टे सरकत नाहीत.

खरी जोखीम ध्वनीची. कॅमेरा १० मीटर मागे असेल, तर तेवढे अंतर कापण्यास ध्वनीला सुमारे ३० सहस्रांश सेकंद, म्हणजे पाऊण चौकट लागते, आणि वाटेत खोकला, कपबशा, पंखा सारे त्यात मिसळते. म्हणून दोन मायक्रोफोन अंगचेच असलेला, मुठीत मावणारा रेकॉर्डर मी गायकापुढे दीड-दोन मीटरांवर ठेंगण्या स्टँडवर ठेवतो. ध्वनीची पातळी आपोआप राखणारी त्याची योजना प्रथम बंद करावी. गायक श्वासासाठी थांबला की ती तंबोऱ्याला उचलून वर आणते, जोरकस तान आली की तिला दडपते, आणि आवाजाच्या ज्या लहानमोठेपणातून भाव उमटतो तोच सपाट होतो. तबला मिळविला जात असता पातळी आपल्या हाताने ठरवावी, आणि मोठ्यात मोठा ध्वनी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. तानेसाठी तेवढी जागा लागतेच. खालचे ध्वनी गाळणारी कळही बंदच बरी. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने घेते. ८० च्या खालचे छाटणारी कळ पंख्याची घरघर घालविताना त्या खर्जाचा आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याचा पाया पोखरते. पंखा बंद ठेवण्याची विनंती यजमानांना आधीच करणे, हा त्यावरचा सरळ उपाय.

संगणकावरील कामास ऑडॅसिटी आणि शॉटकट ही दोन विनामूल्य सॉफ्टवेअर मला पुरली आहेत. आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून ठेवली म्हणजे दृश्य आणि ध्वनी तिच्यावर जुळविता येतात. परंतु दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत एक चालत नसल्याने, दहा लक्षांत २० भागांचा फरकही तासाअखेरी ७२ सहस्रांश सेकंदांवर जातो, आणि हात एकीकडे व थाप दुसरीकडे अशी तबल्याची फारकत होऊ लागते. म्हणून अखेरीसही टाळी वाजवावी आणि ध्वनीची लांबी त्या मानाने दुरुस्त करावी. गोंगाट पुसून टाकणाऱ्या सोयीचा मोह मात्र आवरावा. जे अखंड व एकसारखे चालते ते पुसायचे, हे तिचे गणित. आणि तंबोरा तर अखंडच वाजत असतो. एकदा मी तो उपाय केला, तेव्हा पंख्याबरोबर तंबोऱ्याची जवारीही गेली आणि गाणे निराधार भासू लागले. मूळ प्रत जपून ठेवली होती, म्हणून निभावले.

चित्रणापूर्वी कलावंताची परवानगी घ्यावी, पहिली प्रत त्यांच्याच हाती द्यावी, आणि कोणतेही नवे साधन बैठकीस नेण्यापूर्वी ते घरी दोन तास सलग चालवून पाहावे. हुकलेला षड्ज पुन्हा लावा, असे कोणत्याही गायकाला सांगता येत नाही.