झिंग्यांच्या पोटातले मित्रजंतू

नांदेड-लातूरच्या आठवडी बाजारातून वाळलेले झिंगे आणणे आपल्या घरांना नवे नाही. आता मात्र आपले काही तरुण शेततळ्यात गोड्या पाण्यातले झिंगे पाळण्याचा विचार करू लागले आहेत. कर्जाचा अर्ज भरून घेण्यासाठी आमच्याकडे आलेल्या अशाच एकाने विचारले, "दादा, झिंग्यांच्या खाद्यात जंतूंची पावडर मिसळतात म्हणे. पाकीट महाग आहे. खर्चात धरू का?" प्रश्न कर्जाच्या पैशाचा होता. म्हणून आम्ही माहिती जमविली. ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सगळेच जंतू वाईट नसतात. दुधाचे दही जंतूच करतात. या पावडरीत तसेच लॅक्टोबॅसिलस किंवा बॅसिलस जातीचे उपयोगी जंतू असतात. त्यांना प्रोबायोटिक म्हणतात. झिंग्याच्या आतड्यात ते जागा धरून बसतात. मग व्हिब्रिओसारख्या रोगजंतूंना वाढायला वाव कमी मिळतो. बॅसिलसमुळे खाद्य पचायलाही मदत होते. झिंग्यांच्या अंगात माणसासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. त्यामुळे लसीवर भिस्त ठेवता येत नाही, आधीपासून काळजी घेणे हाच मार्ग उरतो.

पण ही पावडर म्हणजे औषध नव्हे. १९९४ च्या सुमारास आपल्या देशाच्या किनाऱ्यावरील कोळंबीच्या तळ्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला आणि अनेकांचे भांडवल बुडाले. गोड्या पाण्यातील झिंग्यांच्या पिल्लांनाही शेपटी पांढरी पडण्याचा रोग होतो. दोन्ही रोग विषाणूंचे आहेत. पावडरीने ते बरे होतात असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नये.

काही जण घाबरून प्रतिजैविके खाद्यात घालतात. त्यांनी रोगजंतूंबरोबर मित्रजंतूही मरतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना तर बंदीच आहे. त्यांचा अंश सापडला की परदेशात गेलेला माल परत येतो.

आमचा सल्ला असा. पहिला खर्च निरोगी पिल्लांवर आणि पाणी तपासण्यावर करावा. उरलेले खाद्य तळाशी कुजते, म्हणून ते मोजूनच टाकावे. पहाटे झिंगे काठाशी आणि पाण्यावर येऊ लागले तर प्राणवायू कमी पडला असे समजावे व पाणी खेळते करावे. एवढे सांभाळल्यावर पावडर घ्यावी. पाकिटावरील मुदत पाहावी, ते उन्हात ठेवू नये, सांगितलेल्या मापानेच खाद्याला चोळून सावलीत सुकवावे. लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तेथे आधी विचारून घ्यावे.

आणि वही ठेवावी. खाद्य किती गेले, झिंगे किती मेले, वजन किती वाढले, हे रोज लिहिले तर पाकिटाचे पैसे वसूल झाले की नाही हे वहीच सांगेल.

त्या तरुणाच्या अर्जात आम्ही पाणी-तपासणीचा खर्च वर लिहिला. पाकिटाचा खाली.