रुपयाची गोष्ट – लेखांक ६ : सहाचे सात

मागच्या आठवड्यात आपण १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली, तिथवर आलो. त्या दिवसापासून कळंबातही तिचाच रुपया चालू लागला असेल, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. कळंब मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. बार्शी इंग्रजी हद्दीत. बार्शीला चाले तो ‘कलदार’, इकडचा तो ‘हाली’. चारमिनारचं चित्र असलेल्या हालीचं दप्तरी नाव उस्मानिया सिक्का, पण ते नाव दप्तरातच राहिलं.

ठरलेला भाव असा : सहा कलदारांचे सात हाली. बार्शीच्या पेठेत माल विकून साठ कलदार कनवटीला लावलेल्या शेतकऱ्याचे हिशेबाने सत्तर हाली व्हायचे. शंभराला ११६ रुपये १० आणे ८ पै. हे तोंडी करणारे मुनीम असत! त्यात बट्टा कापला जाई तो वेगळाच. सारा मात्र हालीतच भरायचा.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१८ मध्ये निजाम सरकारने दहा आणि शंभराच्या नोटा काढल्या. गंमत म्हणजे पुढे त्या छापल्या जात नाशिकला, इंग्रज सरकारच्या छापखान्यात. हा सगळा पसारा सांभाळायला १९४२ मध्ये हैदराबाद स्टेट बँक उघडली. सरकारचा पैसा ठेवणं आणि हालीचा कारभार पाहणं, ही मध्यवर्ती बँकेची दोन मुख्य कामं तिच्याकडे आली. पण एक मेख होती. सातास सहा हा भाव टिकवायचा, तर कुणी कलदार मागितला की तो देता आला पाहिजे. त्यासाठी गंगाजळी हवी, आणि हैदराबादची बरीचशी पुंजी होती हिंदुस्थान सरकारच्याच रोख्यांत. हाली उभा होता तो कलदाराच्या खांद्यावर.

नोव्हेंबर १९४७ मध्ये निजाम आणि भारत सरकार यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला आणि लगेच निजाम सरकारने भारतीय चलन आपल्या राज्यात बेकायदा ठरवलं. शिवाय त्याच रोख्यांतले वीस कोटींचे रोखे कर्ज म्हणून पाकिस्तानला देऊ केले. रझाकारांच्या गोष्टी आपण घरोघरी ऐकल्या, या रोख्यांची फारशी कुणी सांगत नाही. दिल्लीला मात्र ते चांगलेच झोंबले. हद्दीवरच्या माणसाची अडचण साधी होती : कालपर्यंत बट्टा देऊन चालणारा रुपया आज व्यवहारात चालेना. जानेवारी १९४८ मध्ये नांदेडकडे उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, तीही याच राज्याच्या तिजोरीवर घाव घालायला.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजाम शरण आला, पण हाली त्याच दिवशी गेला नाही. एकदम बाद केला असता, तर ज्याचं किडुकमिडुक हालीत होतं तो गरीबच मेला असता. पन्नाशीच्या दशकात काही काळ दोन्ही रुपये शेजारी शेजारी चालले. १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेने हैदराबादची ती बँक आपल्याकडे घेतली. ती झाली स्टेट बँक ऑफ हैदराबाद. २०१७ च्या १ एप्रिलला तीही भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

आज ‘हाली’ म्हटलं तर कळंबच्या बाजारात तरुण दुकानदार गोंधळेल. ‘खणखणीत कलदार’ मात्र त्याला बरोबर कळतो.

(पुढील लेखांक : चिंतामणराव देशमुख, पहिले भारतीय गव्हर्नर)