दिसायला सारखी, पण दोन



आमच्या वर्गात दोन जुळे भाऊ आहेत. एक जण घरी राहिला तरी दुसऱ्याला बघून गुरुजींना वाटते, तो आलाय. हजेरी चुकते. माकडांचंही तसंच होतं, हे मला गुरुजींनी दाखवलेल्या चित्रांवरून कळलं.

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथे बेनी नावाच्या भागात टिटी माकडांच्या दोन जाती आहेत. एक ओलाला टिटी आणि दुसरी बेनी टिटी. जगात दुसरीकडे त्या कुठेच नाहीत. स्वीडनच्या लोनबर्ग या शास्त्रज्ञाने १९३९ साली दोन्हींना शास्त्रीय नावे दिली.

आधी सारखेपणा सांगतो. दोन्ही माकडे वजनाला साधारण किलोभर. नर-मादी जोडीने राहतात. सकाळी दोघे मिळून ओरडतात, म्हणजे "ही जागा आमची!" फांदीवर बसले की शेपटीला शेपटी गुंडाळतात. गंमत म्हणजे पिल्लू बापाच्या पाठीवर असते. दूध प्यायला तेवढे आईकडे जाते. आपल्याकडच्या वानराचं पिल्लू तर आईच्याच पोटाला चिकटलेलं असतं.

आता फरक. ओलालाचा रंग जास्त नारिंगी आणि तोंडाभोवती काळी कड. बेनीचा रंग मातकट आणि कानांवर पांढऱ्या केसांचे झुपके. मी असं पाठ केलं : काळी कड ती ओलाला, पांढरे कान ती बेनी.

हा फरक कळायलाच पाहिजे. तिथे गवताची मोठी मैदाने आहेत आणि मधे मधे थोडं थोडं जंगल. गुरांना कोवळा चारा मिळावा म्हणून लोक गवत पेटवतात. आग जंगलात शिरते. बेनी टिटी धोक्यात आहे, पण ओलाला त्याहून जास्त धोक्यात आहे. दोन्हींना एकच धरलं तर बेनीला बघून आपण म्हणू, "आहेत की माकडं!" आणि ओलाला कधी संपली ते कळणारच नाही.

२०१९ साली तिथल्या रेयेस गावाने मोठं जंगल राखीव केलं. त्याचं नाव रुकानरुका. तिथल्या मारोपा भाषेत हे टिटीचंच नाव आहे.

आमच्या डोंगरावर पण उन्हाळ्यात गवत पेटवतात. मी आबांना विचारलं, "तिथं कोण कोण राहतं?" आबा म्हणाले, "कुणी मोजलंय, बाळा?"

या सुट्टीत मी वही घेऊन डोंगरावर जाणार आहे. कोण कोण येतंय?

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी