दोन फुटांसाठी दुभाजक

बीडच्या जालना रोडला किंवा नगर रोडला वाहनं तुंबली की एक उपाय हमखास सुचवला जातो: मधला दुभाजक काढून टाका, रस्ता मोकळा होईल. सुचवणाऱ्याची अडचण खरी आहे. 2011च्या जनगणनेत दीड लाखाच्या आसपास असलेलं हे शहर तेव्हापासून चहूबाजूंनी पसरलंय, जुने रस्ते मात्र होते तेवढेच आहेत. दवाखान्यात पेशंट घेऊन निघालेला माणूस कोंडीत अडकला की मधली बोगनवेल त्याला अडगळच वाटणार. पण दुभाजक काढून हाती किती येतं, हे एकदा टेप लावून बघायला हवं.

समजा दुभाजक 1.2 मीटर रुंदीचा आहे. माणसाला मध्ये थांबता यावं म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेलं हे किमान माप. तो उखडला तर दोन्ही बाजूंना 60-60 सेंटिमीटर, म्हणजे दोन-दोन फूट मिळतात. वाहनांच्या एका रांगेला साडेतीन मीटर लागतात. म्हणजे नवी रांग तयार होत नाही. दुकानासमोर आडवी लावलेली एक मोटारसायकल दोन मीटर जागा खाते, फळांचा गाडा आणि त्याभोवतीची गिऱ्हाइकं त्याहून जास्त. मधून काढलेले दोन फूट कडेला कधी गेले, हे कळणारही नाही.

शिवाय कोंडी दुभाजकापाशी सुरू होत नाही, ती चौकात सुरू होते. दोन मोठे रस्ते जिथे छेदतात तिथे प्रत्येकाच्या वाट्याला तासातला जेमतेम अर्धा वेळ येतो. त्या वेळात जेवढी वाहनं चौक पार करतील तेवढीच त्या रस्त्याची कुवत. अलीकडचा रस्ता रुंद केला तर वाहनं चौकाच्या तोंडाशी लवकर पोहोचतात आणि तिथे थांबतात. त्यात चौकाच्या कोपऱ्यावरच रिक्षा उभ्या, काळीपिवळी तिथेच प्रवासी भरणार, बसही तिथेच थांबणार. ही सगळी वाहनं चौकापासून थोडी पुढे सरकवली तर जो फरक पडेल, तो दुभाजक उखडून पडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पायी चालणाऱ्याचं बघू. चार पदरी रस्ता म्हणजे 14 मीटर. रस्ते आखणारे माणसाचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात, म्हणजे पलीकडे जायला बारा सेकंद. दुभाजक असला तर सहा सेकंद एका बाजूचं बघायचं, मध्ये थांबायचं, मग दुसऱ्या बाजूचं बघायचं. नसला तर दोन्हीकडून एकाच वेळी मोकळीक मिळायला हवी. गुडघेदुखीने हळू चालणाऱ्या आजीला किंवा दप्तर घेतलेल्या पोराला ती मिळेपर्यंत किती वेळ उभं राहावं लागेल? कोंडीच्या चर्चेत यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मला ते आवर्जून घ्यावंसं वाटतं.

मधली झाडं केवळ शोभेची नसतात. रात्री समोरच्या गाडीचा लख्ख उजेड ती अडवतात. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेली कुटुंबं ट्रकमधून, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून याच जिल्ह्यातून बाहेर पडतात, संसार आणि लेकरंबाळं वर लादून. त्यातल्या एखाद्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसतो. समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपले की पुढची ट्रॉली दिसतच नाही. कण्हेर आणि बोगनवेल दुभाजकात लावतात तीही विचार करून. दोन्ही कमी पाण्यावर तग धरतात, कण्हेर विषारी म्हणून मोकाट जनावरं तिला तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा गुण लहान नाही.

वनाच्छादनात बीड राज्याच्या तळाच्या जिल्ह्यांत मोडतो. शहराजवळच्या पालवणच्या डोंगरावर सह्याद्री देवराई या संस्थेने झाडं उभी केली. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथे पहिलं वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्षपदाचा मान वडाला दिला गेला. त्याच शहरात हाताशी असलेली हिरवाई दोन फुटांसाठी काढणं मला पटत नाही.

पण दुभाजक आहे तसाच ठेवा, असंही नाही. वळणाच्या फटीजवळ झुडपं वाढून गेली की चालकाला पलीकडून येणारी दुचाकी दिसत नाही. रस्त्याच्या आखणीत कारचालकाची नजर जमिनीपासून 1.2 मीटर उंच धरतात. फटीजवळची झुडपं त्याच्या बरीच खाली छाटलेली हवीत, आणि तिथे फ्लेक्स तर नकोच. लोकांनी सोयीसाठी कठडा फोडून केलेल्या वाटा बंद करायला हव्यात, आणि जिथे लोक खरोखर ओलांडतात तिथे रीतसर वाट द्यायला हवी. चौकाच्या तोंडाशी दुभाजक पुरेसा रुंद असेल तर तेवढाच तुकडा कापून उजवीकडे वळणाऱ्यांना वेगळी जागा करता येते. तसं काढायला माझी हरकत नाही.

मोठी झाडं असतील तर 1975चा वृक्षसंरक्षण कायदा आहेच. तोडण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, जाहीर सूचना द्यावी लागते, नागरिकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावण्याची अट आहे. नगरपालिकेने दुभाजकाचा प्रस्ताव आणलाच, तर त्यासोबत गर्दीच्या वेळी चौकातून तासाला किती वाहनं जातात आणि कडेला किती उभी असतात, याची मोजणी मागावी. ती दिलेली नसेल तर पहिली लेखी हरकत तीच.