कुकडीकाठची राजधानी : जुन्नर

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेकडे वाहत जाणाऱ्या कुकडी, मीना आणि घोड या नद्यांनी जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांची भूमी घडवली असून, त्यांच्या खोऱ्यांना कुकडनेर, मीननेर आणि घोडनेर अशी जुनी नावे आहेत. ‘नेर’ म्हणजे नदीच्या आश्रयाने वसलेला मुलूख. आंबेगाव तालुक्यातील निरगुडसर गावाहून निघालेला प्रवासी मंचरला पुणे-नाशिक महामार्गाला लागतो, कळंबला घोड ओलांडतो, नारायणगावला मीना ओलांडतो आणि तेथून पश्चिमेस वळून कुकडीच्या काठी जुन्नरला येतो, तेव्हा तासा-दीड तासाच्या वाटेत ही तिन्ही खोरी त्याच्या पायाखालून गेलेली असतात. या टापूतील बहुतेक माणसे जुन्नरला जातात ती शिवजन्मभूमी म्हणून शिवनेरीवर आणि अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाच्या दर्शनासाठी लेण्याद्रीवर. दोन्ही कारणे थोरच आहेत. परंतु गड चढून आणि दर्शन घेऊन परस्पर परतणाऱ्याचे जुन्नर हे शहर पाहायचे राहूनच जाते, आणि हे शहर तर दोन हजार वर्षे व्यापाराची पेठ आणि दोनदा राजधानी होऊन गेलेले आहे.

उत्तर युरोपातील कोपनहेगन किंवा स्टॉकहोम या पाण्याकाठच्या राजधान्या पाहण्यासाठी जगभरातून लोक जातात, कारण तेथे बंदर, राजवाडा, व्यापाऱ्यांची जुनी पेठ आणि प्रार्थनामंदिरे ही सारी एकाच पाण्याच्या आधाराने कशी वाढली ते एका फेरीत समजते. डेन्मार्कच्या राजांनी १४२९ च्या सुमारास हेलसिंगोरच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांवर बसवलेली जकात १८५७ पर्यंत चालू होती आणि त्या राज्याचा खजिना बराचसा तिच्यावर भरत असे. जुन्नरच्या वैभवाचे मूळही असेच एका अरुंद वाटेत आहे, फक्त ती वाट समुद्रातली नसून डोंगरातली आहे. म्हणून जुन्नर नीट पाहायचे तर शहरापासून सुरुवात न करता नदीच्या उगमाकडून, म्हणजे नाणेघाटाकडून, खाली उतरत यावे.

शहराच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर नाणेघाट कोकणात उतरतो. घाटाच्या तोंडाशी खडकात कोरलेली एक चौकोनी लेणी असून तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. राजघराण्याने केलेल्या अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्यात दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, हत्ती, घोडे व कार्षापण नावाच्या नाण्यांची त्यात मोजदाद आहे, आणि या मोजदादीमुळेच भारतातील अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला मानाचे स्थान मिळाले आहे. मागील भिंतीवर सिमुक सातवाहन, सातकर्णी, नागनिका आणि राजपुत्र यांच्या मूर्ती होत्या. त्या आता उरलेल्या नाहीत. वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या काही खुणा एवढेच दिसते. ही लेणी घाटाने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेवरच आहे, यावरून आपली वंशावळ आणि आपले दातृत्व व्यापाऱ्यांच्या नजरेस पडावे असे त्या राज्यकर्त्यांना वाटत असले पाहिजे. बाहेर वाटेच्या कडेला एकाच दगडात घडवलेला मोठा रांजण आहे, आणि घाट चढून आलेल्या तांड्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जात असे, अशी परंपरा सांगते. शेजारचा जीवधन आणि जुन्नरच्या वाटेवरचे चावंड व हडसर हे किल्ले पाहिले, की या मार्गाची राखण किती बारकाईने केली जात असे ते वेगळे सांगावे लागत नाही.

परतीच्या वाटेवर चावंडजवळच्या पूर गावी कुकडीच्या उगमाशी कुकडेश्वराचे कोरीवकामाने भरलेले जुने शिवमंदिर लागते. पुढे माणिकडोह धरणाने अडवलेले कुकडीचे पाणी बराच वेळ रस्त्याची सोबत करते, आणि मग डोंगरांच्या कुशीत जुन्नर दिसू लागते.

शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक बौद्ध लेणी खोदलेली आहेत, आणि एका गावाभोवती एवढी लेणी भारतात क्वचितच आढळतात. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरी असे त्यांचे मुख्य गट आहेत. अजिंठ्याची चित्रे किंवा वेरूळची शिल्पे येथे शोधणाऱ्याची निराशा होईल, कारण जुन्नरच्या लेण्यांची श्रीमंती त्यांच्या लेखांत आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले उपासनेचे दालन, कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने दान दिले. कल्याणसारख्या बंदरातला धनिक घाटावर येऊन दान देतो, या एका ओळीत नाणेघाटाच्या सगळ्या व्यापाराचे सार आले आहे. दुसऱ्या एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांचा संघ. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे लोक पैसे ठेव म्हणून ठेवत आणि त्या उत्पन्नातून भिक्षुसंघाचा खर्च चाले, हेही येथील लेखांवरून कळते. मानमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपान या राजाचा अमात्य अयम याचा, वर्ष ४६ असा काळ नोंदवलेला लेख आहे. हे वर्ष शकाचे धरल्यास तो इ.स. १२४ चा ठरतो.

सर्वांत कुतूहलाचे लेख यवनांचे, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परकीयांचे आहेत. शिवनेरीच्या लेण्यांत ‘गत’ म्हणवणाऱ्या चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला आणि इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. हे ‘गत’ म्हणजे युरोपातील गॉथ लोक असावेत अशी अटकळ नॉर्वेचे भारतविद्यापंडित स्टेन कोनो यांनी १९१२ मध्ये बांधली होती. ती पुढे सर्वमान्य झाली नाही. तरी यवन म्हणवणारा माणूस कुकडीकाठी भिक्षूंच्या जेवणाची आणि पाण्याची सोय करतो, एवढे तर दगडावर निःसंशय लिहिलेले आहे. ज्याला एकच लेणे पाहण्याएवढा वेळ असेल त्याने तुळजा लेण्यातील गोल चैत्यगृह पाहावे. मधला स्तूप आता नाहीसा झाला आहे, पण त्याभोवती वर्तुळात उभे असलेले बारा साधे अष्टकोनी खांब आणि वरचे घुमटाकार छत यांच्यात नक्षीची एक रेघही नसताना जी गंभीरता आहे, ती मोठ्या लेण्यांतही सहसा सापडत नाही.

मध्ययुगात घोड्यांचा व्यापार याच वाटांनी चाले. पंधराव्या शतकात रशियातील त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन हा चौलच्या बंदरात उतरून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात येथे राहिला. खडकावरचा किल्ला, तेथवर जाणारी अरुंद वाट, न थांबणारा पाऊस यांचे वर्णन त्याने केले आहे, आणि येथील बहमनी सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतल्याची व पुढे एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो परत मिळाल्याची हकिकतही नोंदवली आहे. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, १४९० मध्ये, मलिक अहमदने बहमनी सत्ता झुगारून निजामशाही स्थापन केली ती जुन्नरलाच, आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसून होईपर्यंत तिचे ठाणे येथेच राहिले. पुढे मोगलांशी झुंजताना मलिक अंबरने १६०७ च्या सुमारास निजामशाहीची राजधानी पुन्हा जुन्नरला आणली आणि काही वर्षांनी ती खडकीला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला, नेली. शहरालगत हापूसबाग परिसरात उभा असलेला दगडी सौदागर घुमट त्या काळाची आठवण देतो. गडाच्या गर्दीतून येथवर फारसे कोणी येत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

शिवनेरीविषयी मराठी वाचकाला नव्याने सांगावे असे थोडे आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांचा जन्म येथे झाला, आणि १६५७ मध्ये त्यांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नर लुटून तीन लाख होन व दोनशे घोडे नेले, यावरून पेठेची तत्कालीन श्रीमंती कळते. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७० च्या दशकात येथे येऊन गेला. एक हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढी शिधासामग्री गडावर असल्याचे त्याने नमूद केले आहे. सात दरवाजे ओलांडून वर गेल्यावर अंबरखाना म्हणजे धान्यकोठार आणि गंगा-जमुना ही बारमाही टाकी पाहताना हे वाक्य ध्यानात ठेवावे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत शिवनेरी आहे.

पेशवाईत दप्तरे ज्या कागदावर लिहिली जात त्यात जुन्नरी कागदाला मान होता, आणि हातकागद बनवणारी कागदी घराणी येथे पिढ्यानपिढ्या नांदत होती. धरणे झाल्यापासून खोऱ्यात द्राक्षे, टोमॅटो आणि उसाची शेती वाढली, तरी गावातल्या जेवणात मासवडी अद्याप टिकून आहे. शिजवलेल्या बेसनाची पोळी ओल्या फडक्यावर थापून तिच्यात भाजलेले तीळ, सुके खोबरे आणि लसूण यांचे सारण भरतात, वळकटीला माशासारखा आकार देऊन वड्या पाडतात आणि बाजरीच्या भाकरीबरोबर झणझणीत रश्श्यात वाढतात.

पावसाळ्यात नाणेघाटावर धुके इतके दाट असते की लेणीतील अक्षरे वाचण्याची आशा धरू नये, आणि सुट्टीच्या दिवशी तेथे गर्दीही फार होते. लेख, खांब आणि टाकी निवांत पाहायची असतील तर दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने उत्तम. तेव्हा नदीलाही पाणी असते. मुक्काम जुन्नरात ठेवून पहिला दिवस नाणेघाट, कुकडेश्वर आणि तुळजा लेण्यांना द्यावा, दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी शिवनेरी चढावी आणि उतरल्यावर मानमोडीची लेणी व सौदागर घुमट पाहून लेण्याद्रीला जावे, म्हणजे संध्याकाळी निरगुडसरकडे परतणाऱ्याला नारायणगावची वाट उजेडातच सापडते.