पक आधी, माणूस मागून

गेल्या हिवाळी सुट्टीपर्यंत मला वाटायचे की हॉकी मला येते. हाउसकडून मी दोन वर्षे लेफ्ट इन खेळतोय आणि ज्युनियर्सना स्टिक कशी धरायची ते शिकवतोसुद्धा. जानेवारीत आई आणि मी बाबांकडे लेहला गेलो. तिथे पाचव्या दिवशी एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीने माझ्यासमोरून पक काढून नेला आणि मी जिथे होतो तिथेच बसलो. बसलो म्हणजे अक्षरशः बसलो, बर्फावर.

पहिले दोन दिवस बाबांनी मला हलूच दिले नव्हते. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. विमानाने थेट उतरलेल्या माणसाने आधी शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यायची असते. "जिना चढलास तरी धाप लागंल. गप पडून राहा," असा हुकूम होता. म्हणून मी खिडकीतून बघत बसलो. समोरच्या मैदानात रात्री जवान पाइपने पाणी सोडायचे आणि सकाळपर्यंत ते काचेसारखे कडक व्हायचे. दुसऱ्या रात्री त्यावर आणखी एक पातळ थर. असे थर चढवत तिथे रिंक तयार होते आणि फेब्रुवारीत ऊन तापू लागले की ती संपते. म्हणजे वर्षातले जेमतेम दोन महिने खेळायला मिळतात, आणि म्हणूनच तिथली मुले अंधार पडला तरी घरी जात नाहीत.

आपल्याकडे हा खेळ नवा आहे असे पुष्कळांना वाटते. पण सिमल्याची आइस स्केटिंग रिंक १९२० सालची आहे. लडाखमध्ये हा खेळ रुजवण्यात लडाख स्काउट्सच्या जवानांचा मोठा वाटा आहे. भारत १९८९ साली आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला. २०१७ साली बँकॉकमध्ये आपल्या महिला संघाने फिलिपिन्सला ४-३ असे हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला आणि २०२५ च्या आशिया कपमध्ये कांस्यपदक आणले. त्या संघात बहुतेक मुली लडाखच्या आहेत. त्या मुलीने मला का बसवले हे मला नंतर समजले!

आता खेळाकडे वळतो. सुट्टीहून परत आल्यावर मी आमच्या गेम्स इन्चार्ज सरांना एक विनंती केली होती. ती काय होती ते शेवटी सांगतो. सर म्हणाले, "आधी नियम नीट लिहून दे, मग बघू." हा लेख म्हणजे तेच लिखाण आहे.

आंतरराष्ट्रीय रिंक ६० मीटर लांब आणि २६ ते ३० मीटर रुंद असते. कोपरे गोल असतात आणि चारी बाजूंनी सुमारे १०७ सेंटीमीटर उंच फळ्या असतात. त्यांना बोर्ड म्हणतात. आपल्या हॉकीत चेंडू रेषेबाहेर गेला की खेळ थांबतो. इथे पक बोर्डवर आपटून परत आत येतो आणि खेळ चालूच राहतो. चांगले खेळाडू बोर्डचा उपयोग कॅरमसारखा करतात: समोर विरोधी उभा असेल तर पक बोर्डवर मारायचा आणि त्याला वळसा घालून पलीकडे स्वतःच गाठायचा. शिवाय गोलच्या मागेही जागा असते आणि तिथेही खेळता येते. पहिल्या दिवशी मी गोलच्या मागे गेलेला पक सोडून दिला आणि लाँग कॉर्नरची वाट बघत उभा राहिलो. सगळे हसले.

पक म्हणजे कडक रबराची चकती. तिचा व्यास ७.६२ सेंटीमीटर, जाडी २.५४ सेंटीमीटर आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ आपल्या हॉकीच्या चेंडूइतकेच. गोल १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच असतो. आपल्या हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद असतो, म्हणजे हा बरोबर निम्मा. त्यात जाड पॅड बांधलेला गोलकीपर बसला की मोकळी जागा दिसतच नाही.

एका संघाचे एका वेळी सहा जण बर्फावर असतात: एक गोलकीपर, दोन डिफेंडर, तीन फॉरवर्ड. सामना २० मिनिटांच्या तीन भागांत होतो आणि शिट्टी वाजली की घड्याळ थांबते. बाकीचे खेळाडू बाकावर तयार बसलेले असतात, कारण पूर्ण वेगाने कोणीही पाऊण-एक मिनिटापेक्षा जास्त टिकत नाही. बदली करायला अंपायरची परवानगी लागत नाही. खेळ चालू असतानाच एक फळीवरून आत येतो आणि दुसरा बाहेर पडतो. अट एवढीच की बाहेर येणारा आपल्या बाकापासून दीड मीटरच्या आत पोचलेला हवा आणि त्याने खेळात भाग घेता कामा नये. घाई केली आणि सातवा माणूस खेळू लागला, तर संघाला शिक्षा.

खेळ फेस-ऑफने सुरू होतो. दोघे समोरासमोर वाकतात, अधिकारी मध्ये पक टाकतो, ज्याची स्टिक चपळ त्याचा पक.

आता ज्या नियमाने मला सर्वांत जास्त छळले तो, ऑफसाइड. रिंकवर आडव्या दोन निळ्या रेषा असतात आणि त्यांच्यामुळे तिचे तीन भाग पडतात. विरोधी संघाच्या निळ्या रेषेपलीकडे पक जाण्याआधी आपला कोणताही खेळाडू जाऊ शकत नाही. फुटबॉलमध्ये ऑफसाइड बघताना बचाव करणारे कुठे आहेत ते मोजतात. इथे फक्त रेषा आणि पक बघायचा. दोन्ही स्केट पूर्णपणे रेषेपलीकडे गेले तरच माणूस पलीकडे गेला असे धरतात, म्हणून हुशार फॉरवर्ड एक पाय रेषेवर ओढत पक येण्याची वाट बघतो. मला थांबताच येत नव्हते, त्यामुळे मी दर वेळी पकाच्या आधी पलीकडे! मला शिकवणारे लडाखी जवान होते, सगळी मुले त्यांना आचो म्हणजे दादा म्हणायची. ते एकच वाक्य ओरडायचे, "पक पहले, बंदा बाद में!" चुकून आधी गेलात तरी उपाय आहे. संघातले सगळे लगेच रेषेच्या अलीकडे परत आले की खेळ पुढे चालू राहतो.

दुसरा नियम आयसिंग. स्वतःच्या अर्ध्या भागातून, म्हणजे मधल्या लाल रेषेच्या मागून, पक असा मारला की तो कोणालाही न लागता थेट विरोधी गोलरेषेपलीकडे गेला, तर ते आयसिंग. अडचणीत सापडल्यावर "मार लांब" करून सुटका करून घेऊ नये म्हणून हा नियम आहे. मग फेस-ऑफ चूक करणाऱ्या संघाच्याच गोलजवळ होतो आणि त्या संघाला बदली खेळाडू आणता येत नाहीत. म्हणजे जे दमले म्हणून त्यांनी पक लांब फेकला, त्या दमलेल्यांनाच तिथे उभे राहावे लागते. हा नियम करणाऱ्याने नक्की कधीतरी ड्रिल घेतले असणार.

आता पेनल्टी. आईंनी हा भाग जरूर वाचावा, कारण सगळ्यांना वाटते की या खेळात फक्त मारामारी असते. अंगाने धक्का द्यायला मोठ्या मुलांच्या आणि पुरुषांच्या खेळात परवानगी आहे, पण ज्याच्याकडे पक आहे त्यालाच, आणि मागून किंवा डोक्यावर कधीच नाही. स्टिकने पाय अडकवणे, अंगाला आकडी घालून ओढणे, स्टिकने फटका मारणे, खांद्याच्या वर स्टिक नेऊन कोणाला लागणे, कपडे धरणे या सगळ्याला शिक्षा आहे. साधी शिक्षा दोन मिनिटे, मोठी पाच मिनिटे. चूक करणारा पेनल्टी बॉक्समध्ये बसतो आणि तेवढा वेळ संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. क्रिकेटवाल्यांना पॉवर प्ले माहीत आहे, समोरच्या संघाचा तो इथला पॉवर प्ले. मात्र कितीही जण आत बसले तरी बर्फावर गोलकीपर सोडून किमान तीन जण राहतातच. गोलकीपरने साधी चूक केली तर तो गोलमध्येच थांबतो आणि त्याची शिक्षा दुसरा कोणीतरी भोगतो.

साध्या शिक्षेत आणखी एक कलम आहे. समोरच्या संघाने त्या दोन मिनिटांत गोल केला, की शिक्षा तिथेच संपते. हे मला कसे समजले ते सांगतो. शेवटच्या रविवारी आम्हा मुलांचा एक छोटा सामना झाला. २-२ बरोबरी होती. तीच मुलगी पक घेऊन निघाली आणि मी मागे पडलो. मी स्टिकचे टोक तिच्या कमरेत अडकवून ओढले. मुद्दाम केले, खोटे कशाला बोलू. आचोंनी हात वर केला, पण शिट्टी वाजवली नाही. मला वाटले, सुटलो. पण नियम असा आहे की चूक न केलेल्या संघाकडे पक असेपर्यंत खेळ चालू ठेवायचा, आणि चूक करणाऱ्या संघाने पक ताब्यात घेतला की मग शिट्टी. तोवर तो संघ आपला गोलकीपरसुद्धा बाहेर काढून सहावा हल्लेखोर आणू शकतो, कारण विरोधी संघाने पक घेतला की खेळ थांबणारच आहे. शिट्टी वाजली आणि मी एका लाकडी बाकावर जाऊन बसलो. समोर माझे चार साथीदार आणि गोलकीपर पाच जणांना अडवत होते. त्यातल्या एकाने हेल्मेटच्या जाळीतून माझ्याकडे एकदा बघितले. एक मिनिट चाळीस सेकंद त्यांनी अडवले. मग गोल झाला आणि मला आत बोलावले. बॉक्समधून बाहेर पडायची यापेक्षा वाईट पद्धत नसेल. आम्ही ३-२ ने हरलो. त्या मुलीने सामन्यानंतर हात मिळवला आणि विचारले, "भैया, अगले साल भी आओगे?"

मूलभूत कौशल्यांपैकी पहिले उभे राहणे. आपण जवानांसारखे ताठ उभे राहतो, इथे ताठ म्हणजे पडलाच. गुडघे वाकलेले, छाती थोडी पुढे, स्टिक बर्फावर टेकलेली. स्केटच्या पात्याला मधे खोबण असते, म्हणून त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात. पाय मागे नव्हे तर तिरका बाजूला ढकलायचा, म्हणजे आतली धार बर्फात रुतते आणि शरीर पुढे जाते. थांबायला दोन्ही पाय एकदम आडवे फिरवायचे आणि वजन खाली दाबायचे. बर्फाचा भुगा उडतो आणि माणूस उभा राहतो. मला हे नवव्या दिवशी जमले, तेही फक्त डाव्या बाजूला.

स्टिकच्या बाबतीत मात्र आपल्या हॉकीची सवय आडवी येते. आपल्याकडे फक्त सपाट बाजू वापरायची आणि स्टिक सगळ्यांची सारखीच, उजवी. इथे पात्याच्या दोन्ही बाजू चालतात आणि डावी-उजवी वेगळी स्टिक मिळते. मी दहा दिवस दर वेळी मनगट उलटे करत होतो, उगाच. जोरदार स्लॅप शॉटमध्ये पकाच्या किंचित मागे बर्फावरच स्टिक आपटतात. तिचा दांडा वाकतो आणि सरळ होताना तो ताण पकाला मिळतो.

आणि पुन्हा आईंसाठी: १८ वर्षांखालील खेळाडूंना पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट सक्तीचे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात स्केटचे पाते मानेला लागून एका व्यावसायिक खेळाडूचा मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांत मानेचे कवचही सक्तीचे केले. लेहमध्ये ते घातल्याशिवाय आईने मला रिंकवर सोडले नाही. ती स्वतः रोज फळीबाहेर शाल पांघरून उभी असायची.

आता माझी विनंती. आपल्याकडे बर्फ नाही हे मला माहीत आहे. पण बास्केटबॉल कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते, म्हणजे लांबी-रुंदी दोन्हीत रिंकच्या साधारण निम्मे. स्केट्स नकोत, पीटी शूज चालतील. पकाऐवजी टेनिस बॉल. गोलकीपर धरून प्रत्येकी चार जण. खडूने दोन निळ्या रेषा आखल्या की ऑफसाइड शिकता येईल, आणि एक बाक पेनल्टी बॉक्स म्हणून लागेल. धक्का अजिबात नाही. प्लायवुडच्या दोन्ही बाजूंनी सपाट अशा आठ स्टिक कापून द्यायला कारपेंटर भैया तयार आहेत, मी विचारून ठेवले आहे.

सर, नियम लिहून दिले आहेत. रविवारी चार ते पाच कोर्ट रिकामे असते.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी