युरियाची भट्टी आणि कोबाल्टचा हिरवा रंग

महागावच्या शेतकऱ्याला युरिया लागतो तो कपाशीसाठी. प्रयोगशाळेत तोच युरिया इंधन होतो. 1988 मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या के. सी. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्याने ॲल्युमिनियम नायट्रेट व युरियाचं मिश्रण 500 अंशांच्या भट्टीत ठेवलं. ते उकळलं, फेसाळलं, पेटलं आणि पाच मिनिटांच्या आत भुसभुशीत पांढरं ॲल्युमिना हाती आलं. धातूंच्या ऑक्साइडचे बारीक कण बनवायला मोठं यंत्र लागतंच असं नाही, हे त्यातून दिसलं. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या महागावसारख्या तालुक्यासाठी मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पुढचं पाऊल डोपिंगचं, म्हणजे ऑक्साइडमध्ये दुसऱ्या धातूचे थोडे अणू बसवण्याचं. झिंक ऑक्साइडमध्ये जस्ताचे शंभरातले दोन-चार अणू काढून तिथे कोबाल्ट बसवला की पांढरी पूड हिरवी होते. 2000 साली डिटल आणि सहकाऱ्यांनी भाकीत केलं, की मँगनीज घातलेलं झिंक ऑक्साइड खोलीच्या तापमानालाही चुंबक होऊ शकेल. मग अशा चुंबकाच्या शोधासाठी जगभर झुंबड उडाली. पुणे विद्यापीठातून मेरीलँडला गेलेले सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने 2003 मध्ये कोबाल्टयुक्त टिन ऑक्साइडमध्ये असं चुंबकत्व नोंदवलं. पण त्याच वर्तुळातून 2004 मध्ये आलेला निबंध मला अधिक मोठा वाटतो. कोबाल्टयुक्त टायटॅनियम ऑक्साइडमध्ये कोबाल्टचे सूक्ष्म पुंजके असतानाही, चुंबकत्व पुंजक्यांचं नसून खुद्द ऑक्साइडचं आहे याचा पक्का पुरावा ज्याला मानत, तो विशेष हॉल परिणाम दिसतो, हे त्यांनी दाखवलं. एका पुराव्यावर विसंबण्याचे दिवस तिथेच संपले. 2005 मध्ये तर हाफ्नियम ऑक्साइडच्या बाबतीत स्टीलच्या चिमट्याने नमुना हाताळला तरी चुंबकत्वाचा संकेत येतो, असं आढळलं.

अडचण अशी, की एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) आलेखात इतके थोडे पुंजके बहुधा दिसतच नाहीत. आलेख स्वच्छ आला म्हणजे कोबाल्ट स्फटिकाच्या जाळीत बसला, असं होत नाही. म्हणून विदर्भातल्या संशोधक-शिक्षकांना विनंती: प्रत्येक नमुन्यासोबत त्याच भट्टीतला, डोपिंग न केलेला नमुनाही मोजा, प्लास्टिकचा चिमटा वापरा, आणि काहीच सापडलं नाही तर तेही छापा.